उजव्या काखेत

आमच्या वन्सं नाकावर माशी बसू देत नाहीत. आमच्या शिलाईच्या दुकानात त्या कापड बेतायच्या आणि मी शिवायचे. कपडा बिघडला की चूक शिवण्यातच निघायची, बेतण्यात कधीच नाही. दुकान बंद झाल्यावर दुसरं कुणी गुडघे चोळत बसलं असतं, वन्संनी मोबाइलवरचा एक खेळ धरला. खेळ असा, की एकाने रानात डबा लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी फोन हातात धरून तो हुडकायचा. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. मी रिकामपणचा उद्योग म्हणते.

पुढे त्यांनी स्वतःचाच डबा लपवला, आणि तोही सरळ नाही. पलीकडच्या डोंगरात चार टप्पे केले. पहिल्यात दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्यात तिसऱ्याचा. लोक शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचायचे आणि हात हलवत परत यायचे. मग इंटरनेटवर शेरे यायला लागले. कुणी लिहिलं डबा चोरीला गेला, कुणी लिहिलं तो नव्हताच. एका शहाण्याने लिहिलं, आजीबाईंचा गोंधळ उडालेला दिसतो. एरवी वन्संनी त्याची सालटी काढली असती. या वेळी त्या गप्प बसल्या, आणि मला ते बरं वाटलं नाही.

त्यातच बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचा घोटा मोडला. माझा मुलगा ॲम्ब्युलन्स चालवतो. बंद दाराआड पडून राहिलेली म्हातारी माणसं त्याने उचलली आहेत, त्यामुळे आत्या एकटी राहते हे त्याला आधीपासूनच खुपत होतं. आता तो हटूनच बसला. आत्याने आमच्याकडे राहायला यावं आणि तिचं घर भाड्याने द्यावं. ते शेरेही त्याने वाचले होते. आत्या, तू विसरायला लागलीयस, असं तो तिच्या तोंडावर म्हणाला.

वन्संनी प्लास्टरचा पाय स्टुलावरून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तू जाऊन डबा शोध. नाही मिळाला तर येते मी तुझ्याकडे. पुन्हा त्या विषयावर तोंड उघडणार नाही."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं निघालो. त्याने वरवर बघून परत येऊ नये म्हणून मीही गेले. पहिली चिठ्ठी पायथ्याच्या बाकाखाली, लोहचुंबकाने चिकटवलेल्या डबीत मिळाली. दुसरी ओढ्यावरच्या पुलाच्या दगडांत. तिथून पुढे फोनचं डोकं फिरलं. झाडी दाट आणि दोन्ही बाजूंना कडे, त्यामुळे बाण घटकेत ओढ्यात उतरायला सांगायचा, घटकेत कड्यावर चढायला. एक उतार आम्ही बसून घसरत उतरलो आणि चूक कळल्यावर तोच पुन्हा चढलो. तिसरी चिठ्ठी पडलेल्या झाडाच्या ढोलीत सापडेपर्यंत वन्संना मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. चिठ्ठीत एवढंच होतं: दोन खांद्यांचा कातळ. उजव्या काखेत.

कातळ शोधावा लागला नाही. तो वाटेकडे तोंड करून उभा होता. मध्ये मान वर आलेली, दोन्हीकडे खांदे आणि खांद्यांखाली खोल कपारी. उजवीकडच्या कपारीपर्यंत गवत तुडवलेलं होतं, म्हणजे आधीचे सगळे तिथेच गेले होते. मुलगा काट्यांतून आत घुसला, खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं, बॅटरी मारून बघितलं. पालापाचोळा निघाला, मुंग्या निघाल्या. मग मीही वाकून एकेक दगड हलवून बघितला. डबा नव्हता.

तो बाहेर येऊन माझ्यासमोर धोंड्यावर बसला.

"आई, माझं खरं व्हायला नको होतं गं," तो म्हणाला.

मला रडू आलं. वन्संचा रागही आला. कुणी सांगितलं होतं असली पैज लावायला? ज्या घरात त्या कुणाला उशी हलवू देत नाहीत, ते घर त्यांनी एका डब्यावर लावलं होतं.

रडणं लपवायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी त्याच्या जाकिटाला हात घातला. काट्यांनी ते ओढलं गेलं होतं.

"उजव्या काखेत उसवलंय बघ," मी म्हणाले, आणि माझा हात तिथेच थांबला.

तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. मी बोट ठेवलं होतं ते माझ्या डाव्या बाजूला. शिंप्याची उजवी बाजू कपडा घालणाऱ्याची असते, बघणाऱ्याची नसते. हे आमच्या अंगात इतकं मुरलंय की ते कुणाला समजावून सांगायचं सुचतच नाही. वन्संनी त्या कातळाला कोट चढवला होता. आणि मी, त्यांच्याच शेजारी बसून जन्म काढलेली बाई, चारचौघांसारखी उजवीकडे हुडकत बसले.

डावीकडे वाट नव्हती. खाली उतरून दुसऱ्या अंगाने चढावं लागलं. कपारीत एक चपटा दगड उभा लावलेला होता आणि त्याच्यामागे डबा. ज्याला डबा सापडेल त्याने आतल्या वहीत सही करायची असते; तिच्यात एकाचीही सही नव्हती. मुलाने सही केली आणि नाक पुसलं.

वन्संच्या घरी पोचलो तर सगळं बांधून तयार. भांडी खोक्यात भरलेली, गादीची वळकटी दोरीने करकचून आवळलेली. मोडक्या पायाने हे कसं केलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मिळाला," मुलगा म्हणाला. "उजव्या काखेत."

"कुणाच्या उजव्या?"

"कातळाच्या."

वन्सं खुर्चीत बसल्या. "म्हणजे मला आठवत होतं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. सख्खा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. लोकांचं वाचून वाचून त्यांनाही ते पटलं होतं, असं त्या म्हणाल्या. आम्ही निघाल्यावर लगेच त्या बांधाबांध करायला लागल्या होत्या.

मुलगा खाली बसून वळकटीची गाठ सोडवायला लागला. गाठ घट्ट होती, सुटेना. आमच्या घरात वीतभर सुतळीसुद्धा कुणी फेकत नाही, म्हणून तो नखाने उकलत बसला.

"काप ती," वन्सं म्हणाल्या. "मला नाही लागायची आता."