दाराजवळचा कागद

“कोणी निघालं की विचारत जा. कुठल्या वाटेनं जातोय, परत कधी येणार. दाराजवळ एक कागद लाव आणि लिहून ठेव,” बचाव पथकातल्या तूलताई मला म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. “ताई, आमच्या गोबीत निघणाऱ्याला असं विचारत नाहीत. विचारलं की वाट लांबते.”

मी राजधानीत, उलानबातरच्या कॉलेजात चार वर्षं भूगोल शिकलेली. पण आईच्या ‘निघालीस का, पोचलीस का’ला कंटाळून मी लग्न करून या वाळवंटात आले, आणि इथे कुणी कुणाच्या येण्याजाण्याला घड्याळ बांधत नाही, हेच मला आवडलं होतं.

कागद मी लावला होता, पण तो मुलीच्या तापाचा. नोमून तेव्हा दीड वर्षाची. अंग जरा कोमट लागलं की मी दर दोन तासांनी आकडा लिहायची.

माझा नवरा चोयजिल पाहुण्यांना जुन्या रशियन गाडीतून फिरवायचा: लाल कडे, पडका मठ, वाऱ्यानं गाणाऱ्या वाळूच्या टेकड्या. मे महिन्यातल्या त्या सकाळी गाडीत दोन कोरियन बहिणी होत्या. आधी मठ, मग टेकड्या. सासरे दुधाचा डाव घेऊन बाहेर उभे होते. वाट सुखरूप व्हावी म्हणून गाडी हलली की तिच्यामागे दूध शिंपडायचं.

“पोरीचा ताप किती?” चोयजिलनं विचारलं.

“साडेअडतीस.”

“मी येईस्तोवर सदतीसवर आण.”

“म्हणजे कधी—”

सासरे मोठ्यानं खाकरले. “सूनबाई, दूध सांडतंय माझं.”

“बाबा, शहरातली आहे ती. तिला आगगाडीसारखं वेळापत्रक लागतं,” चोयजिल म्हणाला. कोरियन बहिणींना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. मीही हसले. प्रश्न तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीचं पिवळं वादळ उठलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. “थांबला असेल कुणाकडे,” सासरे म्हणाले. वाटेवर ओळखीची घरं होती, मलाही ते पटलं. मला पटवून घ्यायचं होतं.

तिसऱ्या दिवशी आकाश निवळलं. नोमूनचा तापही उतरला. मी सदतीस लिहिलं आणि कितीतरी वेळ दारातच उभी राहिले.

“बाबा, फोन करू?”

“काय सांगशील? उशीर झाला म्हणून?”

वेळच ठरली नव्हती, तर उशीर कधी सुरू झाला म्हणायचं?

चौथ्या दिवशी सकाळी त्यांना न विचारता मी पोरीला पाठीशी बांधलं आणि मागच्या टेकाडावर चढले. रेंज तिथेच मिळते.

“किती वाजेपर्यंत यायचा होता?” तूलताईंनी विचारलं.

“माहीत नाही.”

“मठानंतर कुठल्या वाटेनं गेला?”

“कोरड्या नदीतून... नाहीतर साक्साउलच्या झुडपांमधून.”

त्यांनी दोन्ही वाटा लिहून घेतल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पथकाची गाडी एकच. आधी नदी पाहिली, त्यात तो दिवस गेला. पाचव्या दिवशी झुडपांच्या वाटेवर गाडी सापडली, आस मोडलेली. दोघी बहिणी आत होत्या, जिवंत. चोयजिलनं सगळं पाणी त्यांच्यापाशी ठेवलं होतं आणि वादळ थांबल्यावर मदत आणायला चालत गेला होता. तो सापडला टेकडीच्या पायथ्याशी. विहीर तिथून तासाभराच्या अंतरावर होती. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी सकाळपर्यंत जीव होता.

सासऱ्यांनी मला बोल लावला नाही. मीही त्यांना लावला नाही.

आता मी जिल्ह्याच्या गावी शिकवते. नोमून शाळेत जाते. ती पाच मिनिटं उशिरा आली तरी मी फाटकाशी असते. सासरे तिथेच राहिले. दर शरद ऋतूत मी जाऊन विचारते, “बाबा, आमच्याकडे कधी येता?” ते म्हणतात, “येईन.” यंदाचा हिवाळा फार कडक गेला. बर्फ पडल्यापासून त्यांचा निरोप नाही, आणि माझ्या पोरीला पुन्हा ताप आहे, तिला सोडून निघता येत नाही.

तुम्ही या दिवसांत टेकड्या पाहायला जाणार असाल, तर मठाच्या पडक्या भिंतींच्या अलीकडे एक एकटा तंबू दिसेल, तोच बाबांचा. दार ठोठावू नका, आमच्यात तसं करत नाहीत, लांबूनच ओरडा, “कुत्रा धरा!” धुराड्यातून धूर येत असेल तर आत जा, मिठाचा चहा घ्या. धूर नसेल तरी आत जा. तापाचा तो कागद त्यांनी अजून काढलेला नाही. आकड्यांखाली माझा नंबर आहे. टेकाडावर चढून मला फोन करा. ते कसे आहेत ते सांगा, आणि त्यांना किती वाजता पाहिलंत तेही.