शेवटच्या थेंबावरची टोपी

मी एक जुनी लाल लोकरी टोपी आहे. जी गोष्ट मला सांगायची आहे ती १९७४ सालची, नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारची. मित्रांनो, आता माझ्या अंगाला कसरीने पाडलेली दोन भोके आहेत आणि माझा काठ सैल पडला आहे. पण तो दिवस माझ्या एकाही टाक्यातून निसटलेला नाही.

मला लेंपी हाउतालाने विणले. दूर उत्तरेकडच्या, मोठ्या सरोवराकाठच्या आमच्या खाणीच्या गावात तो हिवाळा फार कडक होता. रस्ते बंद झाले होते, दुकानातली लोकर संपली होती. म्हणून लेंपीने आपले लग्नाच्या वेळचे लाल जाकीट उसवले आणि त्या लोकरीतून माझा जन्म झाला. तिचा नवरा वाइनो लोखंडाच्या खाणीत काम करायचा. मला त्याच्या डोक्यावर चढवताना ती म्हणाली होती, "हे डोकं हरवलंस तरी चालेल, पण टोपी हरवू नकोस. त्या जाकिटात मी बारीक दिसायचे."

"म्हणजे टोपी जपली की बायको बारीक होणार का?" वाइनोने विचारले. तिने त्याला विणायच्या सुईने टोचले.

खाणीत तो लोखंडी टोपी घाले. माझे काम रानातले. शरद ऋतूत वाइनो धनुष्य घेऊन हरणाच्या मागावर जाई तेव्हा मी त्याच्याबरोबर असे. तुम्हाला वाटेल, टोपीचे काम ते काय, डोके ऊबदार ठेवायचे. पण माझे खरे काम डोक्यावरून उतरल्यावर सुरू होई.

बाण लागलेले हरीण जागच्या जागी पडत नाही. ते पळते. शिकाऱ्याला मग पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत त्याच्यामागे जावे लागते. एक थेंब सापडला की पुढचा दिसेपर्यंत मागचा विसरून चालत नाही, नाहीतर मागच मोडतो. म्हणून वाइनो शेवटच्या थेंबावरच्या फांदीला मला टांगून ठेवी आणि उघड्या डोक्याने पुढचा थेंब शोधायला जाई. तो सापडला की परत येऊन मला घेई.

"रुमाल का नाही टांगत?" त्याच्या लेकीने, ताइमीने, लहानपणी त्याला विचारले होते.

"रुमाल टांगला तर माणूस पुढे पुढे जातच राहतो. टोपी टांगली की डोकं गारठतं, आणि डोकं गारठलं की माणूस परत फिरतो."

हा त्याचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की बाण सोडला की आधी बसायचे. थर्मासातली कॉफी सावकाश संपवायची. घाव छातीत असेल तर एक कप पुरे, हरीण तोवर शांत झालेले असते. पोटात असेल तर मात्र दुपार कलेपर्यंत हलायचे नाही. जखमी हरीण थोडे पुढे जाऊन बसते, त्याला बसू द्यायचे. उठवले तर ते धावेल, आणि त्याचे मरण लांबत जाईल. तिसरा नियम टोपीपाशी उभ्या राहणाऱ्यासाठी होता. दोघे असतील तर एकाने टोपीपाशीच थांबायचे आणि काही झाले तरी तिथून हलायचे नाही.

तेवीस वर्षांत मी किती फांद्यांवर लोंबकळले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. दर वेळी भीती वाटायची. दर वेळी तो परत यायचा, त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या असायच्या, आणि मला ओढून घेताना तो "हुश्श" म्हणायचा.

त्या वर्षी ताइमी अठ्ठावीस वर्षांची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम लागले होते आणि पहिल्या पगारातून तिने बापासाठी एक कोट आणला होता. जाड, हिरवट, आणि मागे मानेशी जोडलेली त्याच कापडाची टोपी. ती डोक्यावर ओढली की कानसुद्धा झाकत. लेंपी हसून हसून दमली. "साठी उलटली आणि आता याला कुंची चढवली. दुपटंही आण बाई, म्हणजे बारसं उरकून टाकू."

मला मात्र हसू आले नाही. त्या कुंचीकडे मी पाहतच राहिले.

त्या शनिवारी सकाळी बाण सोडला तो ताइमीने. तिचे ते पहिलेच हरीण. ती रानातून गाडीपाशी आली तेव्हा वाइनो पायरीवर बसून वेलदोड्याचा पाव खात होता. तिचा चेहरा पाहून त्याने पाव खाली ठेवला.

"लागला?"

"लागला. पण मागे लागला, बाबा. सुटतानाच ते वळलं."

तिने बाण पुढे केला. वाइनोने त्याचा वास घेतला आणि मान फिरवली. बाणावर हिरवट ओल होती. घाव पोटात होता.

"बस," तो म्हणाला. "कॉफी ओत."

त्यांनी एक कप संपवला. तेवढ्यात सरोवराकडून वारा फिरला आणि उत्तरेचे आभाळ शिशासारखे झाले. आमच्याकडे त्या रंगाचा अर्थ लहान मुलालाही कळतो. बर्फ येणार. बर्फ आले की रक्त झाकले जाणार, आणि हरीण कुठेतरी दोन दिवस तडफडत मरणार.

"तुम्हीच म्हणता ना, दुपार कलेपर्यंत थांबायचं?" ताइमी म्हणाली.

"म्हणतो. पण हे आभाळ माझं ऐकत नाही."

त्याने थर्मास अर्धा भरलेला तसाच ठेवला. तेवीस वर्षांत मी त्याला अर्धा थर्मास टाकून उठताना पाहिले नव्हते.

सुरुवातीला माग सोपा होता. मग एका उतारावर पुढची झुडपे खडखडली आणि पांढरी शेपटी उंच उडताना दिसली. बसलेले हरीण आम्ही उठवले होते. वाइनो खाणीतली शिवी पुटपुटला. त्यानंतर थेंब लहान होत गेले, दूर दूर पडू लागले, आणि आम्हाला सीडर वृक्षांच्या दलदलीत घेऊन गेले. तिथे झाडे एकमेकांवर पडून कुजतात. दहा पावले सरळ चालता येत नाही. आणि जमिनीत एवढे लोखंड की होकायंत्राची सुई दारू प्यायल्यासारखी डुलते.

एका वाकलेल्या सीडरखाली शेवाळावर एक थेंब होता. त्याच्यापुढे काही नव्हते. वाइनोने मला डोक्यावरून काढले आणि हाताला येणाऱ्या फांदीवर टांगले.

"इथून हलू नकोस. मी समोर बघून येतो."

"हाक मारत जा, बाबा."

"मी मारीन. तुझी मला ऐकू येईल याची खात्री नाही." सुरुंगांनी त्याचे कान निम्मे गेले होते. तो हसला. पहिला बर्फाचा कण त्याच्या टकलावर पडला. त्याने हात मागे नेला आणि ती कुंची डोक्यावर ओढली.

मित्रांनो, मी ओरडू शकले असते तर तेव्हा ओरडले असते. पण टोपीला तोंड नसते. मी त्याची हिरवट पाठ झाडांत मिसळताना पाहत राहिले. त्याचे डोके आता गारठणार नव्हते.

पहिला अर्धा तास त्याची हाक येत होती. मग लांबून आली, भलत्याच बाजूने. मग थांबली.

बर्फ दाट झाले. ताइमी तोंडाशी हात धरून ओरडायची आणि तिचा आवाज त्या पांढऱ्यात चार पावलांवर विरून जायचा. आमच्या पायखुणा बुजल्या. शेवटचा थेंब बुजला. आता त्या जागेची एकच खूण उरली होती, ती म्हणजे मी. आणि माझ्यावर बर्फ साचत होते. आधी माथा, मग काठ. मला कळत होते की मी पांढरी होत चालले आहे. सगळे रानच पांढरे असताना पांढरी टोपी कोणाला दिसणार?

ताइमीने मला फांदीवरून काढले, गुडघ्यावर आपटले, आणि पुन्हा टांगले. थोड्या वेळाने पुन्हा. नंतर पुन्हा.

तेव्हाच तो आवाज आला. उजवीकडून, पडलेल्या खोडामागून. ताइमीने वळून "बाबा?" म्हटले. उत्तर आले नाही. आवाज श्वासाचा होता, ओला आणि तुटक. मग खोडावर एक कान दिसला. तो एकदाच हलला.

हरीण आमच्यापासून तीस पावलांवर बसले होते. पुढे जाऊन ते गोल फिरून मागे आले होते आणि वाइनो त्याला सोडून सरळ गेला होता.

ताइमीने धनुष्याला बाण लावला. मधे फांद्यांची जाळी होती, कान आणि पाठीची एक कड सोडली तर काही दिसत नव्हते. तिने दोरी निम्मी ओढली आणि सोडून दिली. पहिला बाण वाईट गेला होता, तसा दुसरा तिला मारायचा नव्हता. ती दोन पावले पुढे गेली. कान ताठ झाला. तिथून आणखी पुढे गेली असती तर हरीण उठले असते, पळाले असते, आणि तिला मागे जावेच लागले असते. तिने वळून माझ्याकडे पाहिले. तेवढ्या वेळात मी पुन्हा निम्मी पांढरी झाले होते.

ते हरीण तिने जखमी केले होते. त्याला सोडवणे तिचेच काम होते. आणि कुठेतरी तिचा म्हातारा बाप अर्धे कान घेऊन फिरत होता, त्याच्यासाठी एवढी एक लाल खूण होती. दोन्ही तिचेच होते, मित्रांनो, आणि पाय दोनच.

ती परत आली. तिचे दात वाजत होते. तिने बाण भात्यात टाकला, मला फांदीवरून काढून धनुष्याच्या टोकावर घातले, आणि धनुष्य दोन्ही हातांनी उंच धरले. त्याच जागी, त्या झाकलेल्या थेंबावर उभी राहून ती मला डोक्यावर हलवत राहिली. बर्फ साचायला लागले की खाली घ्यायची, गुडघ्यावर आपटायची, पुन्हा वर. हात भरून आले की ती रडायची, पण धनुष्य खाली ठेवायची नाही. आणि सगळा वेळ तो श्वास ऐकू येत होता. एकदा ती तिकडे न बघताच म्हणाली, "मला माहीत आहे. मला माहीत आहे तू तिथं आहेस."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. उंचावरून मला दूरवर फक्त झाडे दिसत होती, एकसारखी. मग त्यांतले एक झाड चालू लागले.

तो लंगडत होता. कुंची बर्फाने भरली होती. तो जवळ आला आणि लेकीकडे न बघता आधी माझ्याकडे बघत उभा राहिला.

"तीन वेळा जवळून गेलो असणार," तो म्हणाला. "मग लाल काहीतरी उड्या मारताना दिसलं. म्हटलं, लेंपीचं जाकीट नाचतंय की काय."

"कुठं होतात तुम्ही?" ताइमीचा आवाज फाटला. "डोकं गारठलं नाही तुमचं?"

"नाही ना. तेच तर झालं." त्याने कुंची मागे टाकली. "कॉफी आहे?"

ताइमीने हरीण बसले होते त्या खोडाकडे हात केला.

वाइनोने बघितले. "केव्हापासून?"

"तुमची हाक थांबली तेव्हापासून."

त्याने मला धनुष्यावरून काढून तिच्या डोक्यावर घातले. मी पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर चढले. ती दोघे खोडाकडे गेली. मी ऐकत होते. श्वास नव्हता. हरणाच्या पापण्यांवर बर्फ पडले होते आणि ते वितळत नव्हते.

ताइमी गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. वाइनोने वाकून हरणाच्या पापण्यांवरचे बर्फ पुसले. मग म्हणाला, "बाण तुझा होता, पण उठवलं मी. अर्धा थर्मास राहिला होता."

घरी लेंपीने सगळे ऐकून घेतले. तिने एकही टोमणा मारला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. तिने शिवणाच्या पेटीतून कात्री काढली, कोटाची कुंची शिवणीवर उसवली आणि चुलीत घातली. मग ताइमीला म्हणाली, "कोट चांगला आहे गं. फक्त कुंची नको होती."

वाइनोने तो कोट झिजेपर्यंत घातला, आणि प्रत्येक थर्मास तळापर्यंत संपवला. १९८८ साली झोपेतच तो गेला. लेंपी त्याच्यानंतर सहा वर्षे राहिली आणि शेवटपर्यंत सांगत होती, की त्या जाकिटात ती बारीक दिसायची. ताइमीने दोन वर्षे धनुष्याला हात लावला नाही. नंतर ती पुन्हा रानात गेली आणि पुढे गावातल्या मुलामुलींनाही शिकवू लागली. ज्याला शांत बसून एक थर्मास संपवता येत नसे, त्याला ती बाणाला हात लावू देत नसे.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी तिच्या सौनाबाहेरच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराबाहेरच्या, खोलीत खिळ्याला टांगलेली असते. मला कोणी विणून दुरुस्त करावे किंवा कपाटात जपावे, असे मला वाटत नाही. माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, तुमच्या हातून कोणाला दुखापत झालीच, तर घाबरून घाई करू नका, कारण घाईने दुखणे लांबते. आणि तुम्हाला कोणी एका जागी थांबायला सांगितले असेल, कोणी तुमच्या भरवशावर पुढे गेले असेल, तर ती जागा सोडू नका.

दर शनिवारी सौनाला जाताना ताइमी मला खिळ्यावरून काढते. माझ्यावर बर्फ नसते. तरी ती मला एकदा गुडघ्यावर आपटते, आणि मग परत टांगते.