ऐकाल तसं लिहा

बाईंनी उत्तरपत्रिका प्रशिक्षिकेच्या टेबलावर आपटली आणि अठरावर बोट टेकवलं. शिक्षकांच्या इंग्रजी उच्चारांच्या परीक्षेत पास व्हायला वीस लागत होते. नाही झालं, तर पुढच्या वर्षी वरच्या वर्गांचं इंग्रजी काढून घेऊन त्यांना बालवर्गात पाठवणार होते. एकोणतीस वर्षं शिकवल्यावर टाळ्या वाजवत आकडे म्हणायचे.

चार आठवडे त्या उच्चारचिन्हांशी झुंजत होत्या. डोक्यावर उभा राहिलेला ई, शेपूट फुटलेला एन. सर्वांत जास्त छळलं ते दोन 'व'नी. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. बाईंचा आजवरचा संसार एकाच 'व'वर सुखाने झाला होता. आरशासमोरचा सराव पाहून नवऱ्याने विचारलं होतं, "दाढ दुखतेय का?"

प्रशिक्षिकेने आधी दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं.

"बसा ना, बाई."

पाचवी ते सातवी ती बाईंच्याच वर्गात होती. चारचौघांत मात्र दोघी एकमेकींना मॅडम म्हणत.

"तूच म्हणालीस ना, पुस्तक विसरा, ऐकाल तसं लिहा?"

"हो."

"मग लिहिलं. विंडो, वेस्ट. दोन्हीकडे दातांचा व. दोन्ही चूक?"

"बाई, तिथे चंबूचा व हवा."

"हवा तो हवा गं. तू काढलास कुठला? लाव तुझं परीक्षेतलं रेकॉर्डिंग."

प्रशिक्षिकेने मोबाइल टेबलावर ठेवला. तिचाच खणखणीत आवाज आला. विंडो. वेस्ट. तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावायला गेलेलं बोट तिने तसंच मागे घेतलं आणि ओठांवर ठेवलं.

बाईंचं बोटही अठरावरून सरकलं. विंडोचा शेवटचा स्वर असा ओढत, 'व'ला असाच दात रोवून, त्या पाचवीच्या पन्नास पोरांकडून हे शब्द घोकून घेत असत. एकालाही सोडत नसत.

दार उघडलं. विभागप्रमुख निकालाचं रजिस्टर घेऊन आत आले.

"काही तक्रार? असेल तर लेखीच द्या. नाहीतरी या मॅडमना कायम करायचं की नाही, ते याच आठवड्यात ठरायचंय."

प्रशिक्षिका खाली मान घालून मोबाइलच्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिली.

"तक्रार कसली," बाई म्हणाल्या. "माझीच ऐकण्यात चूक झाली. फेरपरीक्षेचा अर्ज द्या."

"मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

प्रशिक्षिका उठून उभी राहिली.

"बरोबर आहे, सर. ऐकण्यातच चूक आहे."

आवाज जराही कापला नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. साहेब वर्गात आले की उभं राहायचं, मान वर करायची आणि ठाम आवाजात उत्तर द्यायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं.