ताईच्या मुठीची सुरी

"ग्राइंडर नको म्हटलं ना," सिस्टर म्हणाल्या आणि काउंटरवरचं ते धूड त्यांनी बोटानेच दुकानदाराकडे परत सरकवलं.

"अहो, मग सुरी करणार कशाने? दातांनी?"

"कानशीने."

दुकानदार बोलका माणूस. गिऱ्हाईक थोडक्यात सुटून गेलं की त्याला रात्रीचं जेवण गोड लागत नसे. पण आज समोर सिस्टर होत्या. ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हातात सुऱ्या, कात्र्या, चिमटे देण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. निवृत्त झाल्या तरी आवाज तोच होता, आणि त्या आवाजाला भलेभले वचकून असत, तिथे या बिचाऱ्याची काय कथा!

"सुऱ्या तर बाजारात ढिगाने मिळतात, सिस्टर."

"मिळतात. माझ्या ताईच्या हातात बसेल अशी मिळत नाही. सगळी दुकानं पालथी घातली."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. सांध्यांच्या दुखण्याने तिची बोटं वाकडी होत चालली होती. पातळ मूठ धरवेना आणि मनगटाने जोर लावता येईना. मध्यंतरी गाजर चिरताना सुरी सटकली आणि अंगठ्याला टाके पडले. त्या दिवशी सुनेने रडत रडत घरातल्या सगळ्या सुऱ्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या. सून गुणाची, तिच्या मनात काही नव्हतं. पण तेव्हापासून ताई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसे आणि सिस्टर भेटायला गेल्या की भिंतीकडे बघत बोले.

"सगळे म्हणतात, आई तुम्ही बसा. बसून बसून मी फर्निचर झाले ग, बारके. आता फक्त फडक्याने पुसायची राहिलेय."

साऱ्या वस्तीच्या सिस्टर ताईसाठी मात्र अजून बारकीच होत्या. त्या दिवशी घरी जाताना बारकीचा जीव गलबलला, आणि सुरी आपणच करायची हे तिने रस्त्यातच ठरवून टाकलं.

एवढं ऐकल्यावर दुकानदाराने ग्राइंडर खाली ठेवला.

"पहिलीच वेळ ना? मग खरं सांगू? ग्राइंडरवर चूक झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पोलाद जातं, नाहीतर बोट. कानस हळू चालते, त्यामुळे चूकही हळू होते. वेळेवर थांबता येतं."

"मग मघाशी ग्राइंडर कशाला काढलात?"

"पोट आहे, सिस्टर."

मग त्याने मन लावून सामान काढलं. एक भरड चपटी कानस, एक बारीक, एक अर्धगोल. लोखंड कापायची करवत. टेबलाला आवळून बसवायचा शिकंजा, तोही हलका नको म्हणून जड. "इथे काटकसर करू नका. धरलेलं पोलाद हललं की सगळं मुसळ केरात." पॉलिश पेपर, लोहचुंबक, पातं तापवायला गॅसची बत्ती, डोळ्यांना चष्मा. ड्रिल त्याने स्वतःचंच दिलं, वापरून परत आणायच्या बोलीवर. मास्क काढायला लागला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मास्क राहू दे. त्यात माझा हात कोणी धरणार नाही."

घरी गेल्यावर सिस्टरांनी जन्मभर केलं तेच केलं. नवी हत्यारं आली म्हणजे आधी स्वच्छता. कानशी साबणाच्या गरम पाण्यात बुडवल्या, ब्रशने घासल्या, धुतल्या आणि धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या. सकाळी टॉवेल उघडला तर तिन्ही कानशी तांबूस झालेल्या.

त्या घेऊन सिस्टर दुकानात गेल्या, तेव्हा दुकानदार हसून हसून खोकायला लागला. "कानशींना आंघोळ घातलीत? अहो, तुमच्या दवाखान्यातलं स्टील वेगळं आणि हे वेगळं! हिला पाणी दाखवायचंसुद्धा नाही. तारेच्या ब्रशने झाडायची आणि दातांत खडू घासायचा, म्हणजे कीस अडकत नाही." सिस्टरही हसल्या, पण कान लाल झाले. थिएटरात त्यांनी असल्या चुकीवर नव्या पोरींना फाडून खाल्लं असतं.

मुठीचं माप घ्यायला त्या प्लास्टरची पट्टी घेऊन ताईकडे गेल्या. काठीच्या तुकड्यावर ओलं प्लास्टर जाडसर गुंडाळलं आणि ताईच्या हातात दिलं.

"हाड कुणाचं मोडलंय?" ताईने विचारलं.

"कुणाचं नाही. धर, आणि सुकेपर्यंत हलवू नकोस."

"आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलीस. माझ्यावर तरी हुकूम सोडू नकोस, बारके."

पण धरलं तिने. प्लास्टर गरम होऊ लागलं तशी ऊब लागून ताईची बोटं जरा सैलावली, आणि दोघी लहानपणच्या गप्पा मारत बसल्या. उठायचं कुणालाच सुचेना.

गॅलरीत काम सुरू झालं. पोलादाची पट्टी कापायलाच सिस्टरांचा दम निघाला. पातं त्यांनी रुंद ठेवलं आणि मूठ मागे न काढता पात्याच्या पाठीवर बसवायचं ठरवलं, म्हणजे ताईने नुसती मूठ खाली दाबली की काम होईल. मुठीच्या खुंट्यांसाठी पाठीला ड्रिलने भोकं पाडली. घासून घासून खांदे भरून यायचे. शेजारीण विचारायची, "सिस्टर, तुरुंगातून पळून जायचं चाललंय का?" पातं लाल तापवून चुंबक लावून बघायचं, चुंबक धरेनासं झालं की पातं तयार. मग ते कडक व्हायला त्याला पाणी द्यायचं. म्हणायला पाणी, बुडवायचं मात्र तेलात. धुराने गॅलरी भरली तेव्हा शेजारणीचं हसू पळालं. त्यानंतर पातं ओव्हनमध्ये मंद भाजून त्याचा ठिसूळपणा घालवला, धार लावली, प्लास्टरबरहुकूम लाकडी मूठ घासली आणि खुंट्या ठोकून सरसाने पक्की चिकटवली. सिस्टरांनी सुरी दिव्याखाली धरली. वेडीवाकडी होती, पण त्यांना ती फार आवडली.

ताईच्या हातात मात्र ती बसली नाही.

मधल्या काळात बोटं आणखी आखडली होती. मुठीचे खळगे एकीकडे आणि बोटं दुसरीकडे. ताईने दोनदा धरून बघितलं आणि सुरी हळूच मांडीवर ठेवली.

"छान केलीस ग. कपाटात ठेवू. लोकांना दाखवू."

ताई ओरडली असती तर सिस्टरांना बरं वाटलं असतं. घरी येऊन त्या शिकंज्यापाशी बसल्या आणि रडल्या. इतके हात बघितले, इतकी दुखणी बघितली, आणि हे दुखणं थांबून राहणार नाही एवढं साधं आपल्याला कसं सुचलं नाही? मूठ पुन्हा केली तरी थंडी आली की ती पुन्हा हातात बसेनाशी होणार. सरसाने चिकटवलेली मूठ फोडायची तरी किती वेळा?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या पायरीवर उभ्या होत्या.

"आता काय बिघडलं?" दुकानदाराने कुलूप काढता काढता विचारलं.

"चिकटवायचं काही नको. बोल्ट द्या. सपाट डोक्याचे, बोटाला टोचणार नाहीत असे. आणि त्यांना लागणारा पाना. मूठ काढता-घालता आली पाहिजे."

"म्हणजे दर वेळी नवी मूठ?"

"हात मागेल तेव्हा."

दुकानदाराने आत जाऊन लाकडाचे चांगले सुके तुकडे निवडून आणले आणि पिशवीत घातले.

या वेळची मूठ सिस्टरांनी ताईसमोरच, तिच्या जेवणाच्या टेबलाला शिकंजा आवळून घासली. थोडं घासायचं, ताईच्या हातात द्यायचं, "इथे टोचतंय" म्हटलं की पुन्हा घासायचं. लाकडाच्या भुश्याने घर भरलं. सून कामावरून आली, तिने एकदा जमिनीकडे बघितलं, एकदा सासूकडे, आणि झाडू न आणता चहा ठेवला.

"मावशी, पुन्हा कापलं तर?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"कापलं तर मी आहे टाके घालायला," सिस्टर म्हणाल्या. "पण नुसतं बसून जे होतंय ना, त्याला टाके नाहीत ग."

संध्याकाळी ताई खुर्चीवरून उठली आणि ओट्यापाशी गेली. सुनेने कांदा सोलून चिरायच्या पाटावर ठेवला. शेगडीवर तेल तापत होतं. ताईने मूठ धरली. या वेळी बोटं जिथल्या तिथे बसली. तिने दाब दिला, पातं खाली गेलं आणि कांद्याची दोन शकलं झाली. मग एक फोड, मग दुसरी, एक जाड, एक बारीक. मधे थांबून तिने बोटं सोडली, झटकली आणि पुन्हा धरली. सिस्टरांचे हात पुढे जायला शिवशिवत होते. त्यांनी ते पदरात घट्ट गुंडाळून घेतले.

तेलातून धूर निघायला लागला. अर्धा कांदा अजून पाटावर होता.

सुनेने हात लांब करून गॅस बंद केला आणि सासूच्या शेजारी वाट बघत उभी राहिली.