जेवणानंतर एक गोळी

माझ्या भावोजींना कुणाची चूक सहन होत नाही. त्यांचं औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने औषधाचं नाव चुकीचं घेतलं की ते आधी नाव दुरुस्त करतात, मग फडताळाकडे वळतात. समोरचा तापाने थरथरत असला तरी त्याला सूट नाही. "दिवसातून दोनदा ना?" असं कुणी विचारलं की "दोनदा नाही, दर बारा तासांनी," असं उत्तर मिळतं. यात फरक आहे, हे मला मान्य आहे. पण तो फरक गाल धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ते तीनदा समजावतात. जगातली एकच चूक ते दुरुस्त करत नाहीत: अर्धी वस्ती त्यांना 'डॉक्टर' म्हणते.

मी त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी बदली झाली तेव्हापासून त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहते. पुढे दुकान, मागे त्यांचं घर, वर मी.

ठमी ही त्यांची कुत्री. 'त्यांची' हे कागदोपत्री. रस्त्यावरची जखमी कुत्री सांभाळणाऱ्या एका संस्थेने दुकानासमोरच्या मैदानात शिबिर भरवलं होतं. भावोजींनी मुदत संपायला महिना उरलेली मलमं दान केली आणि फोटोसाठी उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, हातात काहीतरी धरा. संस्थेतल्या बाईंनी त्यांच्या हातात ठमीचा पट्टा दिला. चाळीस माणसं टाळ्या वाजवत असताना तो परत कसा करायचा हे भावोजींना सुचलं नाही. औदार्याचे बरेच प्रसंग असेच घडत असावेत.

ठमी तेव्हा चार वर्षांची असेल, असा संस्थेचा अंदाज. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. कधीतरी गाडीखाली सापडून मागचा डावा पाय मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. "हाड चुकीचं बसलंय," असा शेरा भावोजींनी पहिल्याच दिवशी मारला आणि तिच्यातलं लक्ष काढून घेतलं. पुढचं सगळं ताईने केलं. पहिला महिना ठमी पलंगाखालून बाहेर येत नव्हती. ताई दुपारी दुकान बंद असलं की पलंगाशेजारी जमिनीवर बसून शिवणटिपण करायची, तिच्याकडे न बघता. पाचव्या आठवड्यात ठमीने तिच्या मांडीवर हनुवटी टेकली. ताई तासभर हलली नाही. शेवटी पायाला इतक्या मुंग्या आल्या की मलाच तिला हाताला धरून उठवावं लागलं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. ताई कुणाला काहीच सांगत नाही. बावीस वर्षं ती दुकानात नवऱ्याच्या उजव्या हाताला उभी राहून पाकिटांवर 'सकाळ-संध्याकाळ' लिहिते आहे. ते बोलतात, ती लिहिते. खरं सांगायचं तर तिच्याबद्दलही माझं मत फारसं बरं नव्हतं. माणसाने मुकाट असावं, पण इतकं?

गेल्या वर्षी ठमीने ओट्यावरून उडी मारली आणि तो जुना पाय सुजला. ताई म्हणाली, "प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू या." भावोजी हसले.

"घरात एवढं दुकान असताना त्या पोरीकडे? ती मला शिकवणार? दोन दिवसांत उतरेल सूज."

त्यानंतर एका सकाळी मी जिन्यावरून उतरत होते. भावोजी मागच्या दारात पावाच्या तुकड्यात काहीतरी दाबून ठमीला भरवत होते. पांढरी गोळी होती. मी विचारलं, "हे काय, भावोजी?"

"कॅल्शियम. हाडाला बरं."

त्यांच्या चेहऱ्यावर दानशूराचं हसू होतं, शिबिरातल्या फोटोतलं. मी "अच्छा" म्हणाले आणि कामावर गेले. दिवसभर दुसऱ्यांचे तराजू तपासले.

सोमवारी ठमी जेवली नाही. मंगळवारी दोनदा ओकली. बुधवारी सकाळी अंगणात तिची शी पडली होती ती काळी होती, डांबरासारखी. ताईने ठमीला चादरीत गुंडाळलं, रिक्षा बोलावली आणि दुकानाची किल्ली गल्ल्यावर ठेवली. भावोजी किल्लीकडे बघत राहिले. मग दुकान बंद करून तेही रिक्षात बसले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

डॉक्टरीण तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, हातावर ओरखडेच ओरखडे. तिने भावोजींना पहिल्याच वाक्यात 'काका' म्हटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रक्त तपासलं. मूत्रपिंडाचा आकडा असायला हवा त्याच्या तिपटीवर गेला होता आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होत्या. ठमीच्या कानामागे दोन गोचिड्याही निघाल्या.

"गोचिडीचा ताप असू शकतो," ती म्हणाली. "घरून काही औषध दिलंय का? गोळी, इंजेक्शन, काहीही?"

ताईने नवऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

"नाही," भावोजी म्हणाले.

मी गप्प बसले. मला वाटलं, कॅल्शियमच तर होतं. म्हणजे मला तसं वाटायला हवं होतं. डोक्यावरचं छप्पर त्यांचं होतं आणि माझी बदली अजून वर्षभर तरी होणार नव्हती. पुढे जे लिहिते आहे त्यात भावोजींबद्दल मी बरंच वाईट बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

ठमीला सलाईन लावली. दोन दिवस ताई तिथेच स्टुलावर बसून राहिली. घरी येऊन तिने नवऱ्याला दोनदा विचारलं. मी जिन्यावर होते, मला ऐकू येत होतं.

"अहो, तिला काही दिलं होतंत का? खरं सांगा."

"अगं, तुला एकदा सांगितलं ना? काही दिलं नाही. संशय घेत बसण्यापेक्षा जरा देवाचं नाव घे."

औषधांचा व्यापार करणारा माणूस देवाचं नाव घ्यायला सांगतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं. ठमी टेबलावर आडवी होती. पोट जोरात वरखाली होत होतं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. मूत्रपिंडाचा आकडा आणखी चढला होता.

"हे बघा," डॉक्टरीण म्हणाली, "गोचिडीच्या तापात कधीकधी शरीर स्वतःच्याच पेशी मारायला लागतं. तसं असेल तर स्टिरॉइड आत्ता सुरू करावं लागेल, उद्यापर्यंत थांबता येणार नाही. पण पोटात जखम असेल किंवा कुठली दुखण्याची गोळी पोटात गेली असेल, तर हेच इंजेक्शन तिला मारेल. म्हणून परत विचारते. घरून काही गेलंय?"

तिच्या हातात सिरिंज भरलेली होती.

आता मला बोलावंच लागलं. "डॉक्टर, मी एकदा पाहिलं होतं. पांढरी गोळी. पावातून दिली होती."

"ते कॅल्शियम होतं!" भावोजी माझ्यावर गुरकावले. "तू विचारलंस तेव्हा सांगितलं होतं ना? तराजूतलं कळतं, गोळीतलं नाही कळत, तर बोलू नये माणसाने."

"फक्त कॅल्शियम?" डॉक्टरीण म्हणाली. "नक्की, काका?"

"सव्वीस वर्षं या धंद्यात आहे मी. अहो बाई, मला काय..."

"कॅल्शियम नसेल," ताई मध्येच बोलली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. ती ठमीच्या कानावरून हात फिरवत होती. आवाज अगदी भोळा, काउंटरवर एखादं गिऱ्हाईक घोटाळून उभं राहतं तसा.

"पाय सुजला होता ना, म्हणून यांनी पॅरासिटामॉल दिली असेल. लहान मुलांची. अर्धी गोळी. सुजेवर तीच देतात ना हो?"

भावोजींच्या मानेवर एक शीर आहे. कुणी औषधाचं नाव चुकवलं की ती उभी राहते. ती उभी राहिली.

"पॅरासिटामॉल? सुजेवर?" ते म्हणाले. "बावीस वर्षं दुकानात उभी आहेस आणि सुजेवर पॅरासिटामॉल? पॅरासिटामॉलने सूज उतरते असं कुठल्या गाढवाने सांगितलं तुला? आणि लहान मुलांची काय! अठरा किलोच्या जनावराला अर्ध्या गोळीने काय होणार, डोंबल? डायक्लोफिनॅक दिली मी. पन्नास एमजी. पूर्ण गोळी. दर बारा तासांनी, तीन दिवस. तीही जेवणानंतर!"

'जेवणानंतर' हा शब्द त्यांनी इतक्या अभिमानाने उच्चारला की पुढचे काही क्षण आपण काय बोललो ते त्यांना कळलंच नाही. मग कळलं.

डॉक्टरीणबाईंनी सिरिंज कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली.

"सहा गोळ्या," ती म्हणाली. "शेवटची कधी?"

"रविवारी संध्याकाळी," भावोजी पुटपुटले. आणि मग, कारण गप्प बसणं त्यांना माहीतच नाही: "माणसाची सूज आणि कुत्र्याची सूज वेगळी असते काय?"

"सूज एकच असते, काका. पोट वेगळं असतं. आतून रक्त जातंय तिचं. पेशी म्हणून कमी दिसताहेत." ती मदतनीसाकडे वळली होती, औषधांची नावं सांगत होती. भावोजींना ती ओरडलीही नाही. मला वाटतं त्याचाच त्यांना जास्त राग आला.

बाहेरच्या बाकावर मी ताईला विचारलं, "तुला खरंच वाटलं होतं पॅरासिटामॉल?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी मी शाईची दौत सांडली तेव्हाही बघितलं नव्हतं.

"सरळ विचारलं तर ते दहा वेळा नाही म्हणाले असते. चुकीचं सांगितलं तर एकदाही गप्प बसणार नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "तूही पाहिलं होतंस. बुधवारीच सांगायचंस."

 

ठमी दहा दिवस तिथे होती. पोटातल्या जखमेवर लेप बसवणारं गुलाबी औषध दर आठ तासांनी, सलाईन अखंड. चौथ्या दिवशी आकडा चढायचा थांबला. पाचव्या दिवशीही तो तेवढाच होता आणि ताई पहिल्यांदा घरी येऊन झोपली. सातव्या दिवशी ठमीने उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चाटला, तोंड फिरवलं, परत चाटला. दहाव्या दिवशी ती तीन पायांवर आणि चौथ्याच्या इच्छेवर रिक्षापर्यंत चालत आली. मूत्रपिंडं पूर्ववत झाली नाहीत, होणारही नाहीत; तिला आयुष्यभर पथ्याचं खाणं आणि कायम भरलेलं पाण्याचं भांडं लागेल. पण ती आहे. ओट्यावर उन्हात झोपते, दूधवाल्यावर भुंकते, ताईच्या मांडीवर हनुवटी ठेवते.

भावोजींनी माफी मागितली का? मागितली नाही. पहिला आठवडा ते घरात पावलं न वाजवता वावरले आणि मला वाटलं, माणसाला काहीतरी लागलंय. मग दुकानात गिऱ्हाइकं ठमीची चौकशी करू लागली. पहिल्याला ते म्हणाले, "बरी आहे." दुसऱ्याला म्हणाले, "वेळेवर कळलं म्हणून वाचली." तिसऱ्यापर्यंत गोष्ट तयार झाली: डॉक्टरीण चुकीच्या दिशेने चालली होती, भलतंच इंजेक्शन हातात घेऊन उभी होती, तेवढ्यात यांनी औषधाचं नाव, ताकद, वेळ, सगळं अचूक सांगितलं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा निदान खोट्या तरी असतात. ताई शेजारी उभी राहून 'सकाळ-संध्याकाळ' लिहीत होती. ती काही बोलली नाही आणि मी पुन्हा एकदा तिच्याबद्दल चुकीचा अंदाज बांधला.

परवा शनिवारी मी साबण घ्यायला दुकानात गेले होते. कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानातली बाई आली. हातात दोरी, दोरीला एक लंगडणारा काळा कुत्रा.

"डॉक्टर," ती भावोजींना म्हणाली, "तुमची कुत्री तुम्हीच वाचवलीत म्हणे. याचाही पाय सुजलाय बघा कालपासून. काहीतरी द्या ना."

भावोजींनी चष्मा वर सारला. काउंटरवर वाकून कुत्र्याकडे बघितलं. मी ठमीचे दहा दिवस डोळ्यांनी पाहिले होते, त्यांनीही पाहिले होते. तरी त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू हळूहळू उगवलं.

"वजन किती असेल?" त्यांनी विचारलं. "तसं पाहिलं तर कमी ताकदीची..."

"डॉक्टरीणबाईंकडे न्या," ताई त्या बाईला म्हणाली. तिचा आवाज अजिबात भोळा नव्हता. "चौकाच्या पलीकडे, निळं दार. आत्ता उघडं असेल. आमच्या कुत्रीला यांच्याच गोळीने मरायची वेळ आली होती. इथून कुत्र्याला काही मिळणार नाही. आजही नाही, कधीच नाही."

दुकानात आणखी तिघेजण होते. एकाने खोकला आवरला.

"अगं, मी नुसतं..." भावोजींचा हात तोवर खणापर्यंत पोचला होता आणि खण अर्धा उघडला होता.

ताईने हातातलं पेन खाली ठेवलं आणि खण धाडकन बंद केला. बोटं त्यांनी वेळेवर काढून घेतली. तेवढी अक्कल त्यांच्यात आहे.