धारेला कुंकू

सकाळपासून या लॅपटॉपचं एकच रडगाणं चाललं होतं. तबकडी आत घ्यायची, खर्र खर्र करायचं, जरा गप्प बसायचं आणि मग वर तोंड करून सांगायचं, डिस्क टाका. अरे मेल्या, मग आत्ता गिळलीस ती काय भाकरी होती?

संध्याकाळी आमच्या लेकीची, स्नेहलची हळद. मांडव उभा राहिला होता, जात्याला सुपारी बांधून झाली होती, आणि धवले म्हणायला धवलारीणच नव्हती. आमच्या मुरबाडकडच्या गावात धवल्यांशिवाय, म्हणजे लग्नाच्या गाण्यांशिवाय, हळद लागत नाही. धवलारीण एक ओळ म्हणते, बाकीच्या बाया ती मागून झेलतात. आमची धवलारीण म्हणजे माझी सासू, काशी. ती गेल्या साली गेली. पलीकडच्या गावात बारकी म्हातारी आहे, पण तिथीच अशी धरलेली की ती आज म्हसा गावात दुसऱ्या हळदीत. माझा दीर शेखर म्हणाला, "वयनी, बँजो सांगितलाय ना, कशाला येवढा जीव काढतेस?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट पाणी भरायला गेला.

सासूचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता, शेखरच्या लग्नाच्या डीव्हीडीत. "आजी, माझ्या हळदीत तूच म्हणायचं," असं स्नेहल लहानपणापासून तिच्या मागे लागायची, आणि म्हातारी "व्हय गो बाय" म्हणायची. तो शब्द मला पाळायचा होता. मी स्वतः काय म्हणणार? वर्षानुवर्षं तिच्या शेजारी बसून ओळी झेलल्या, पहिली ओळ कधी माझ्या तोंडून निघाली नाही. पुढे कोणी असलं की मला सगळं येतं, पुढे कोणी नसलं की डोकं कोरं.

स्नेहल आटगावच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम करते. तिच्या हातांना मेंदी, म्हणून ती सांगणार आणि मी करणार. डिस्क मऊ फडक्याने पुसली. "आई, गोल गोल नको, मधून बाहेर पूस." पुसली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. तेच रडगाणं. मग तिने शाळेतली जुनी गोष्टींची सीडी शोधून काढली. तीही चालेना.

"म्हणजे डिस्क चांगली आहे," ती म्हणाली. "ड्राइव्हच वाचत नाही."

मुरबाडच्या दुकानदाराला फोन लावला. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळेल, पण उद्या, कल्याणवरून. उद्या काय त्याचं लोणचं घालू? तो म्हणाला, ट्रे बाहेर काढा, त्यावर बारीक भिंग असतं, तेवढं पुसून बघा.

ओटीवर बाया जमल्या होत्या. "रुपाली, झाला का गो? दिवस चालला!" मी आतूनच "आले गो" म्हटलं. ट्रे काढला, मोबाइलची बॅटरी मारली आणि बघतच राहिले. भिंगावर कुंकवाचा टिळा. बाजूला चिकटलेला अक्षतांचा एक दाणा.

"आवो!" माझी हाक वेशीपर्यंत गेली असेल. नवरा, दामू, हातात आंब्याचे टहाळे घेऊन धावत आला. "ह्यात कुंकू कुनी घातला?"

"मीच. दसऱ्याला." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "कोयत्याला, कुऱ्हाडीला आपन धारेलाच लावतो ना? याची धार कुठं ती हुडकली. पोरीच्या कामाचा हत्यार हाय तो."

मला हसूही येईना आणि रडूही येईना. समईच्या वातीचा कापूस काडीला गुंडाळला, जरासा ओला केला आणि बाळाच्या डोळ्यातलं काजळ पुसावं तसं ते भिंग पुसलं. डिस्क ठेवली, ट्रे ढकलला. खर्र. मग एक बारीक घरघर, न थांबणारी. आणि पडद्यावर शेखरचा मांडव आला.

मी तो लॅपटॉप उचलून तसाच ओटीवर नेला आणि बायांच्या मधे जात्यापाशी ठेवला. हळदीचा भाग आला. सासू दिसली, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. तिने तोंड उघडलं, आणि आवाज आला कुठल्याशा सिनेमाच्या गाण्याचा. शूटिंगवाल्याने सगळ्या हळदीवर तेच गाणं चिकटवलं होतं. ज्याच्यासाठी दिवसभर जीव टांगणीला लावला, ते त्यात नव्हतंच. स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर सगळं उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं.

"बंद कर त्याचा आवाज," मी म्हटलं. "म्हातारीला बघू तरी दे."

आवाज बंद झाला. सासू मुक्याने गात होती. शेजारी मी, तेव्हाची, जरा बारीक. आणि तेव्हा मला दिसलं. सासू ना नवरदेवाकडे बघत होती, ना जात्याकडे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझे ओठ आधी हलत होते, तिचे मागून. तेव्हापासूनच तिला ओळी आठवेनाशा झाल्या होत्या, हे घरात कोणालाच कळलं नव्हतं. मलासुद्धा नाही. ओळ मी सांगत होते आणि झेलत होती ती.

मी जात्याचा खुंटा धरला.

"पयली हळद कुनाला गो, पयली हळद धरतरीला..."

मग बायांनी ओळ झेलली. स्नेहलने मेंदीच्या हाताने माझ्या हाताशेजारी खुंटा धरला, आणि मी दुसरी ओळ उचलली. लॅपटॉप बंद करायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. सासू त्यात माझ्याकडे बघत होती.