ऐकलेला पक्षी धरत नाहीत

मी होटगीच्या तळ्याकाठी उरलेला पाणकणसाचा झुबका बोलतोय. उरलेला म्हणतो, कारण पूर्वी आम्ही बांधापासून पाण्यापर्यंत दाट होतो. आता नुसतं उभं राहायचाही शीण येतो.

मला कुणी लावलं नाही. वाऱ्यावर आलो, चिखलात रुजलो. म्हशींनी तुडवलं, तरी वाढलो. हिवाळा लागला की दूर उत्तरेकडून वटवट्या यायचा. मूठभर मातकट पक्षी, पण माझ्या पोटात शिरला की दिवसभर तोंडाला विसावा नाही. दिसायचा मात्र क्वचितच.

रविवारी सोलापुरातून पक्षी बघणारी मंडळी येत. गळ्यात दुर्बिणी, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यांचा एक नियम होता. ऐकलेला पक्षी यादीत धरायचा नाही, डोळ्यांनी दिसला तरच धरायचा. निवृत्त शिक्षिका शकुंतलाबाई कितीतरी हिवाळे माझ्यासमोर बसून वटवट्या ऐकत आल्या. दिसला कधीच नाही, आणि आता त्यांची नजरही अधू होत चाललेली.

त्यांचा भाचा देवदत्त. मावशीवर फार जीव. गेल्या वर्षी तो गावातल्या कल्लप्पाला कोयत्यासकट घेऊन आला.

"हे सगळं काप. मावशीला एकदा तरी नीट दिसू दे."

"समदंच व्हय?" कल्लप्पानं विचारलं.

"सगळं."

दुपारपर्यंत माझे भाऊबंद आडवे झाले. मी खोल पाण्यात होतो आणि कल्लप्पा दमला होता, म्हणून वाचलो.

रविवारी बाई आल्या. काठ झाडलेल्या अंगणासारखा मोकळा. बराच वेळ दुर्बीण लावून बसल्या, मग ती खाली ठेवली.

"देवदत्त, आवाजसुद्धा गेला की रे."

त्यानं मान खाली घातली. मला त्याचा राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं.

या पावसाळ्यात जुन्या मुळांना थोडे कोंब फुटले. पूर्वीची ताकद नाही. बाईंना आता दुर्बिणीतूनही धूसरच दिसतं, तरी देवदत्त हाताला धरून आणतो. परवा माझ्या पोटात पुन्हा वटवट सुरू झाली.

"मावशी, अगदी कडेला आलाय. थोडी पुढं हो, दिसेल."

"पुढं गेले तर उडेल. राहू दे त्याला."

बाई माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि डबा उघडला.

"हा यादीत धर," त्या म्हणाल्या. "मी ऐकलाय."

मी थकलोय, मंडळी. पण तो आत बोलतोय तोवर मला उभं राहू द्या.